लोकमताचे मापारी

जुन्या बाजारपेठेंत धान्याच्या ढिगापाशीं मापारी बसत असे. पहिल्या पायलीस 'लाभ' म्हणून तो पुढची गणती मोठ्यानें करी, आणि विकणारा व घेणारा या दोघांचाहि त्या गणतीवर विश्वास बसे. हा विश्वास मापाऱ्याच्या थोरपणावर उभा नव्हता. पायली सर्वांच्या डोळ्यांपुढें असे. तिच्यावरील छाप कोणासहि पाहतां येई. संशय आला तर घेणारा ती उपडी करून तिचें बूड ठोकून पाही, आणि त्यांत आपला अपमान झाला असें प्रामाणिक मापारी मानीत नसे. जो पायली झांकून ठेवी आणि केवळ 'शंभर झाल्या' असें ओरडे, त्याच्याकडे पुढच्या बाजारच्या दिवशीं कोणी फिरकलें नसतें.

आजकाल निवडणुकीच्या हंगामांत दुसऱ्याच प्रकारचे मापारी आपल्यापुढें येतात. ते धान्य मोजीत नाहींत, लोकांचें मन मोजतात. मतदानापूर्वीं केलेल्या मोजणीस जनमतचाचणी म्हणतात. मतदार मत देऊन केंद्राबाहेर पडतांच त्याला विचारून जी मोजणी करितात, तिला 'एक्झिट पोल' हें इंग्रजी नांवच आपल्याकडे रूढ झालें आहे. या मोजण्यांचे निकाल वृत्तपत्रांत छापले जातात, दूरचित्रवाणीवर रात्ररात्र चघळले जातात, आणि कोट्यवधि लोक ते वाचतात वा ऐकतात. इतका वाचकवर्ग लाभलेला दुसरा मजकूर आपल्या देशांत क्वचितच असेल. तेव्हां पुस्तकांच्या परीक्षणास वाहिलेल्या या पानांत त्याचा विचार कां, असें कोणी विचारूं नये. जो मजकूर 'अमुक गोष्ट अशी आहे' असें सांगतो, त्याला 'हें तुम्हांस कशावरून कळलें?' असें विचारणें हें टीकाकाराचें पहिलें काम होय. आंकडे बरोबर आले कीं चुकले, हा आमचा आजचा विषय नाहीं. ते ज्या निवेदनांतून येतात तीं निवेदनें तपासून पाहण्याजोगीं असतात कीं नाहीं, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम २०२४ सालचें उदाहरण घेऊं. त्या वर्षींच्या लोकसभा निवडणुकीचें अखेरचें मतदान १ जून रोजीं संपलें आणि त्याच संध्याकाळीं एक्झिट पोलांचे आंकडे बाहेर पडले. ५४३ जागांपैकीं राष्ट्रीय लोकशाही आघाडीस साडेतीनशेंहून अधिक जागा मिळतील असें बहुतेकांनीं सांगितलें. कांहींची मजल चारशेंपर्यंत गेली. ३ जून रोजीं मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक सुमारें २,५०० अंशांनीं चढला. ४ जून रोजीं मतमोजणी झाली. आघाडीस २९३ जागा मिळाल्या; तिच्यांतील भारतीय जनता पक्षास २४०, म्हणजे बहुमतास लागणाऱ्या २७२ पेक्षां कमी. त्या एका दिवसांत तोच निर्देशांक सुमारें ४,४०० अंशांनीं कोसळला. आदल्या दिवशीं चढत्या भावानें ज्यांनीं रोखे घेतले होते, त्यांच्यापुरती तरी ही केवळ करमणूक नव्हती. पैशाहून मोठें नुकसान निराळेंच आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हरियाणांत काँग्रेसचें राज्य येणार असें चाचण्यांनीं सांगितलें. ९० पैकीं ४८ जागा भारतीय जनता पक्षानें जिंकल्या, आणि वादाचा रोख लागलाच मतमोजणीच्या यंत्रांकडे वळला. न तपासतां येणाऱ्या अंदाजावर विसंबलेला मनुष्य निकाल निराळा लागला म्हणजे अंदाजावर संशय घेत नाहीं, निकालावरच घेतो. लोकशाहीच्या दृष्टीनें ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

तरीहि आंकडा चुकला हा आमचा मुख्य आक्षेप नव्हे. मनाची मोजणी धान्याइतकी नेमकी होणार नाहीं, हें उघड आहे. आक्षेप असा कीं, आंकडा कोठें चुकला हें शोधून काढण्याचें साधन वाचकाच्या हातीं फारसें नव्हतें. मतें मोजण्यांत चूक झाली, कीं मतांवरून जागा काढण्यांत? या दोन पायऱ्या अगदीं भिन्न आहेत. २०१९ सालीं भारतीय जनता पक्षास शेंकडा ३७.३ मतें व ३०३ जागा मिळाल्या होत्या. २०२४ सालीं मतें शेंकडा ३६.६ झालीं आणि जागा २४० वर आल्या. मतांतील फरक शेंकडा एकाचाहि नाहीं. जागांतील फरक ६३ चा आहे. ज्या पद्धतींत प्रत्येक मतदारसंघांतून सर्वांत पुढें असणारा एकच उमेदवार निवडून येतो, तींत मतें कोठें एकवटलीं व विरोधक कोठें एकत्र आले यांवर बहुतेक सारें अवलंबून असतें. मतदारांचें मन जवळजवळ बरोबर ओळखणारी संस्थाहि जागांच्या बाबतींत सपशेल फसूं शकते. आणि पुष्कळशा निवेदनांत वाचकापुढें ठळकपणें येते ती केवळ शेवटची पायरी: अमुक पक्षास इतक्या ते इतक्या जागा.

या पायरीचें गणित वाचकानें एकदां स्वतः करून पाहावें. समजा, एखाद्या संस्थेनें देशभर एक लाख मतदारांस विचारलें. आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्यास ५४३ नीं भागिलें म्हणजे एका मतदारसंघाच्या वांट्यास सुमारें १८४ माणसें येतात. माणसांची निवड अगदीं यदृच्छेनें, कोणाचीहि आवडनिवड मध्यें येऊं न देतां, केली असली तरी १८४ जणांवरून काढलेला टक्का सुमारें सातांनीं इकडे किंवा तिकडे असूं शकतो. हजार माणसें घेतलीं तर ही फट तिनांवर येते, आणि ती आणखी निम्मी करावयाची तर माणसें चौपट घ्यावीं लागतात. आपल्याकडे कित्येक जागांचा निकाल याहून लहान फरकानें लागतो. तेव्हां लाखाच्या नमुन्यांतून मतदारसंघवार निकाल सरळ वाचतां येत नाहीं. मागील निवडणुकीचे आंकडे, प्रांतोप्रांतींचा कल, आघाड्यांची जुळणी यांवर बसविलेलें कांहीं गणित मध्यें घालावेंच लागतें. तें घालण्यांत गैर कांहीं नाहीं. डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी व प्रणय रॉय यांनीं विरोधी मतांच्या एकीचा निर्देशांक बसवून असें गणित १९८० च्या दशकांतच ग्रंथरूपानें मांडलें होतें. तें उघड्यावर असल्यामुळें त्याच्याशीं वाद घालतां आला. आजच्या बहुतेक निवेदनांतून नेमका हाच भाग गळालेला असतो, आणि एक लाखाचा आंकडा मात्र मोठ्या टायपांत असतो.

गळालेल्या इतर गोष्टींचीहि थोडी याद घेऊं. मोजणीचा खर्च कोणीं केला? हा प्रश्न असभ्य नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारींत एका वृत्तवाहिनीनें गुप्त चित्रण दाखवून, कांहीं संस्थांचीं माणसें पैसे घेऊन आंकडे वांकविण्यास तयार होतीं असा दावा केला होता, त्यानंतर तर तो विचारावयासच हवा. माणसें कशीं निवडलीं: मतदारयादींतून, कीं रस्त्यांत भेटतील तीं? प्रश्न कोणत्या शब्दांत व कोणत्या क्रमानें विचारला? उत्तर तोंडीं घेतलें, कीं नकली मतपत्रिकेवर खूण करवून पेटींत टाकविलें? गांवच्या पारावर चारचौघांदेखत तोंडानें दिलेलें उत्तर आणि पेटींत टाकलेली चिठ्ठी यांत अंतर पडणारच. कितीजणांनीं उत्तर देण्याचेंच नाकारलें? नमुन्यांत स्त्रिया, दलित, शहरवासी कमी पडले तर त्यांच्या उत्तरांस अधिक भार कोणत्या हिशेबानें दिला? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अमेरिकेंत २०१६ सालीं राज्याराज्यांच्या कित्येक चाचण्या फसल्या, त्याचें एक कारण शिक्षणाच्या मानानें भार न देणें हेंच होतें, असें तेथील जनमतसंशोधकांच्या संघटनेनें २०१७ च्या अहवालांत दाखवून दिलें. हें सारें सांगणें आपल्याकडे अशक्य आहे असेंहि नाहीं. दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राच्या 'लोकनीति' शाखेनें आपल्या पाहण्यांत नकली मतपत्रिका वापरली आहे, आणि नमुना कसा काढला व प्रश्न कोणते विचारले हें प्रसिद्ध करण्याची रीत ठेविली आहे.

चुकलेलें परंतु उघडें माप किती उपयोगी पडतें, याचें उदाहरण या शास्त्राच्या इतिहासांत सर्वांत जास्त हंसें झालेल्या चाचणीचेंच देतां येईल. १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें टेलिफोनच्या व मोटारींच्या नोंदींसारख्या याद्यांवरून एक कोटीवर मतपत्रिका टपालानें धाडल्या. त्यांतील वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचा विजय होणार असें साप्ताहिकानें सांगितलें. रूझवेल्ट यांस शेंकडा साठांहून अधिक मतें मिळालीं, ४८ पैकीं ४६ संस्थानें त्यांच्याकडे गेलीं, आणि दोन वर्षांत 'डायजेस्ट' बंद पडलें. ही कथा संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून फजितीचा नमुना म्हणून सांगतात. पण तिची दुसरी बाजू सांगत नाहींत. साप्ताहिकानें परत आलेल्या पत्रिकांचे आंकडे संस्थानवार जसेच्या तसे छापले होते, आणि त्या धाडणारांनीं १९३२ सालीं कोणास मत दिलें होतें तेंहि शेजारीं दिलें होतें. शॅरन लोर व मायकेल ब्रिक या संख्याशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं, म्हणजे ८१ वर्षांनीं, तींच कोष्टकें पुढें घेऊन १९३२ च्या मतांच्या प्रमाणांत भार दिला, तों विजय रूझवेल्ट यांच्याकडे झुकला! रोगाचें निदान त्याच पानावर छापलेलें होतें. तें वाचण्याची बुद्धि संपादकांस झाली नाहीं एवढेंच. आंकडे झांकून ठेविले असते तर ही चूक कोणासच कांहीं शिकवूं शकली नसती.

१९४८ सालीं गॅलप, रोपर व क्रॉसली या तिन्ही नामांकित मापाऱ्यांनीं डूई यांस विजयी ठरविलें आणि ट्रूमन निवडून आले. तेव्हां समाजशास्त्रांच्या संशोधनमंडळानें समिति नेमली. मापाऱ्यांनीं आपलीं दप्तरें तिच्यापुढें मांडलीं. आणि मोजणी फार लवकर थांबविणें व नमुना ठराविक वांट्यांनीं भरण्याची सैल रीत हे दोष १९४९ च्या अहवालांत निघाले. ब्रिटनमध्यें २०१५ च्या निवडणुकींत चाचण्या फसल्या, तेव्हां प्राध्यापक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली आणि नमुनेच प्रातिनिधिक नव्हते असा निष्कर्ष २०१६ सालीं निघाला. हें शक्य झालें, कारण तेथील मापाऱ्यांच्या २००४ सालीं स्थापन झालेल्या मंडळाचा नियमच असा कीं, चाचणी प्रसिद्ध झाल्यापासून कामाच्या दोन दिवसांत तिचीं सविस्तर कोष्टकें व प्रश्नांचे शब्द सर्वांपुढें ठेवावे. आपल्याकडे २००४ सालीं 'चमकत्या भारता'च्या घोषांत मापारी फसले, २०२४ सालीं फसले. परंतु सर्वांचीं दप्तरें एकत्र उघडून अशी चौकशी झाली नाहीं. कोणी दूरचित्रवाणीवर खेद प्रकट केला, कोणी मतदार खोटें बोलला म्हणून सांगितलें, आणि पुढच्या निवडणुकींत तेच मापारी तीच झांकलेली पायली घेऊन बसले.

याच्या उलट प्रकारहि ध्यानांत घ्यावा. २०२४ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठीं मतदान झालें. बहुतेक चाचण्यांनीं महायुतीस पुढें दाखविलें आणि महायुतीच जिंकली. म्हणून मापाऱ्यांची अब्रू परत आली असें म्हटलें गेलें. पण महायुतीस २३० च्या घरांत जागा मिळतील असें त्यांपैकीं बहुतेकांनीं म्हटलें नव्हतें. जिंकणाऱ्याचें नांव बरोबर निघालें एवढ्यावर माप खरें ठरत असेल, तर दारावर येणाऱ्या कुडमुड्या जोश्यानें काय पाप केलें? तोहि मुलगा कीं मुलगी हें निम्म्या वेळां बरोबर सांगतो.

प्रमाण दाखविण्याचा आग्रह आम्ही परदेशांतून उसना आणावा असेंहि नाहीं. तो आमच्याच घरचा आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढला, तेव्हां त्यांचा झगडा याच गोष्टीसाठीं होता. बखरकार गोष्ट रंगवून सांगतो, पण कशावरून सांगतो तें सांगत नाहीं. म्हणून अस्सल पत्रें पुढें ठेवा, मग निष्कर्ष काढा, असा त्यांचा दंडक. त्यांच्या कित्येक निष्कर्षांशीं पुढच्या अभ्यासकांचें जमलें नाहीं, आणि न जमण्याचीं साधनें त्यांनींच छापून ठेविलेलीं होतीं. दुसरें उदाहरण नमुन्याच्या शास्त्रांतलेंच आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस यांच्यांत १९४० च्या दशकांत पिकाच्या मोजणीवरून मोठा वाद झाला. शेतांतील लहानसा तुकडा कापून त्यावरून उत्पन्नाचा अंदाज करावयाचा, ही महालनोबिस यांची रीत. सुखात्मे यांचें म्हणणें असें कीं, तुकडा फार लहान असला तर कांठावरचें रोप आंत धरावें कीं बाहेर या घोटाळ्यांत कापणारा तें आंत ओढतो, आणि उत्पन्न आहे त्याहून अधिक दिसतें. वाद कडवट झाला, पण तो विद्वानांच्या नियतकालिकांतून, तुकड्याचें माप व कापणीची रीत पुढें ठेवून झाला. ज्या देशांत भाताच्या लोंब्यांचा हिशेब इतक्या उघडपणें तपासला गेला, त्या देशांत मतदाराच्या मनाचा हिशेब झांकून ठेवावा, याचें आम्हांस नवल वाटतें.

मापाऱ्यांच्या बाजूनें तीन गोष्टी सांगण्यांत येतात. पहिली, पद्धति हें धंद्याचें गुपित आहे. जागांच्या गणितांतील बारकावे कोणी राखून ठेवावे हें एकवेळ मान्य करूं. परंतु पैसा कोणाचा, माणसें किती व कशीं निवडलीं, प्रश्न काय, मतांचा टक्का किती आणि भार कशाचा, या गोष्टी गुपित म्हणून राखणें म्हणजे वैद्यानें औषधाची कृतिच नव्हे तर मात्राहि लपविण्यासारखें आहे. दुसरी, सामान्य वाचकास हें कळत नाहीं. सामान्य वाचकास छंदःशास्त्रहि कळत नाहीं, म्हणून कोणी वृत्तभंग क्षम्य मानीत नाहीं. दहा जाणते वाचतात आणि शंभरांस सांगतात. तिसरी गोष्ट मात्र वजनदार आहे. मतदाराचें मत गुप्त राहिलें पाहिजे. सारें उघडें केलें तर अमुक वस्तींतील लोकांनीं काय सांगितलें हें गांवच्या बलिष्ठांस कळेल. ही भीति खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण तिच्यावरून निघतें तें एवढेंच कीं, उत्तर देणारा झांकावा, विचारणारा नव्हे. सध्यां बहुधा दोघेहि एकाच पडद्याआड उभे असतात.

उघडेपणा हा सर्व रोगांवरील रामबाण आहे असेंहि आम्ही म्हणत नाहीं. 'डायजेस्ट' उघडें असून बुडालें. निवेदन लांबलचक असून आंतून पोकळ असूं शकतें. शिवाय एका मापाऱ्यानें दुसऱ्याचा आंकडा पाहून आपला त्याच्याजवळ सरकवून घ्यावा, ही मेंढरांची चाल उघड्या बाजारांतहि चालते. ब्रिटनच्या चौकशींत आंकडे एकमेकांशीं अपेक्षेहून अधिक मिळतेजुळते आढळले होते. पण हें आढळलें तेंहि कोष्टकें हातीं होतीं म्हणूनच.

कायद्यानें या बाबतींत जें केलें तें पाहण्यासारखें आहे. जानेवारी १९९८ मध्यें निवडणूक आयोगानें एक आदेश काढला. त्यांत दोन गोष्टी एकत्र होत्या: ठराविक काळांत चाचण्यांच्या प्रसिद्धीस बंदी, आणि जे प्रसिद्ध करतील त्यांनीं नमुन्याची संख्या, त्याचा भौगोलिक विस्तार, पद्धति व संभवनीय चूक सांगावी अशी अट. कायद्याचा आधार नसतां आयोगास असा आदेश अंमलांत आणतां येईल काय, हा प्रश्न १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें निघाला आणि आयोगानें आदेश मागें घेतला. पुढें २००९ सालीं लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १२६-अ हें कलम घालण्यांत आलें. मतदानाच्या पहिल्या टप्प्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करणारास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यानें ठरविल्या. म्हणजे १९९८ च्या आदेशांतील बंदी कायद्यांत आली आणि अट बाहेर राहिली. केव्हां बोलावें हें कायदा सांगतो. बोलतांना प्रमाण दाखवावें हें सांगत नाहीं. प्रेस कौन्सिलनें वृत्तपत्रांसाठीं घातलेल्या नियमांत चाचणी करणारी संस्था, ती करविणारा, नमुना व संभवनीय चूक ठळकपणें देण्यास सांगितलें आहे. पण तो उपदेश आहे, आणि उपदेशाचें आपल्याकडे जें होतें तेंच त्याचें झालें.

आमचें मत बंदी वाढविण्याच्या बाजूचें नाहीं. लोकांचें मन लोकांस कळूं नये असें म्हणणें लोकशाहींत शोभत नाहीं, आणि बंदीनें झांकलेल्या पायलीस उलट अधिक गिऱ्हाइकें मिळतात. १९९८ ची ती अट तेवढी कायद्यानें परत आणावी. तोंवर संपादकांनीं एवढें तरी करावें: ज्या निवेदनांत पैसा कोणाचा, माणसें कशीं निवडलीं, प्रश्न काय, मतांचा टक्का किती व त्यांवरून जागा कशा काढल्या, या पांच गोष्टींचीं उत्तरें नाहींत, तें पहिल्या पानावर घेऊं नये, आणि निकालानंतर महिन्याभरांत त्याच संस्थेकडून आपण कोठें चुकलों याचें निवेदन मागून तेंहि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावें. वाचकांनीं तर याहून सोपें काम करावें. पुढच्या निवडणुकीच्या संध्याकाळीं आंकडा ऐकल्यावर तो कोणाच्या बाजूचा आहे हें पाहण्याआधीं पायली उपडी करून पाहावी. मापारी रागावला, तर काय समजावयाचें तें बाजारांत वाढलेल्या माणसास आम्हीं शिकवावयास नको.